जेफरसन यांची जहाजबंदी आणि दोन रकान्यांचा इतिहास

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या आरंभीच्या राष्ट्राध्यक्षांविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला आणि त्यातला तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्यावरचा भाग दोनदा वाचला. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या बातम्या आपल्या पहिल्या पानावर येत असताना वाचकांना त्या देशाच्या जुन्या इतिहासाकडे वळवावे असे आपणांस वाटले, याबद्दल प्रथम आभार मानतो. लेखकाने जेफरसन यांच्या आठ वर्षांच्या कारभाराची, म्हणजे मार्च १८०१ ते मार्च १८०९ या काळाची, मांडणी दोन रकान्यांत केली आहे. डावीकडे अंतर्गत धोरणे आहेत : करकपात, कर्जफेड, लष्करात काटकसर, न्यायालयांशी वाद. उजवीकडे परराष्ट्र धोरणे आहेत : उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी युद्ध, लुइझियानाची खरेदी, आणि शेवटी जेफरसन यांनी इंग्लंड व फ्रान्स यांच्यावर व्यापारबंदी घातली, अशी एक ओळ. हे पत्र त्या ओळीसाठी लिहीत आहे.

२२ डिसेंबर १८०७ रोजी जेफरसन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात बंदी इंग्लंडच्या किंवा फ्रान्सच्या जहाजांवर नव्हती. अमेरिकेच्या बंदरातून कोणतेही अमेरिकन जहाज कोणत्याही परदेशी बंदराकडे निघणार नाही, असा तो हुकूम होता. परदेशी जहाजांना रिकामे किंवा आधीच चढवलेल्या मालासह परत जाण्याची मुभा होती. घरची जहाजे मात्र धक्क्याला बांधली गेली. लेखकाने जे वर्णन केले आहे ते खरे तर १ मार्च १८०९ च्या दुसऱ्या कायद्याला लागू पडते, ज्याने ही सर्वंकष जहाजबंदी उठवून केवळ इंग्लंड व फ्रान्स यांच्याशी व्यापार बंद ठेवला. दोन कायद्यांची ही गल्लत किरकोळ नाही, कारण त्यांच्या मधले चौदा महिने अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या माणसांनी सोसले आहेत. मी बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला आणि परीक्षेच्या सोयीसाठी मीही हेच दोन रकाने फळ्यावर आखत आलो, म्हणून लेखकाला दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु जेफरसन यांच्या बाबतीत हे रकाने केवळ सोयीचे राहत नाहीत. मुख्य गोष्टच त्यांच्या मधल्या रेघेत हरवते, असे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात प्रकर्षाने जाणवले, आणि ते आपल्या वाचकांसमोर, विशेषतः स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसमोर, ठेवावेसे वाटते.

आरंभ डाव्या रकान्यातल्या करकपातीपासून करू. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांचेच सहकारी ॲरन बर यांना निर्वाचकांची प्रत्येकी ७३ मते पडली आणि प्रतिनिधिगृहात मतदानाच्या छत्तीस फेऱ्या झाल्यावर जेफरसन निवडले गेले. सरकार लहान असावे, त्याने माणसाच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू नये, हा त्यांचा जुना आग्रह होता. जिनिव्हात जन्मलेले आल्बर्ट गॅलाटिन यांना त्यांनी अर्थमंत्री केले, आणि १८०२ मध्ये देशातले सगळे अंतर्गत कर रद्द झाले. ज्या व्हिस्कीवरच्या करापायी १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी बंडाला उठले होते, तो करही त्यांत गेला आणि करवसुली करणारी माणसे घरी बसली. दुसऱ्या कारकिर्दीच्या आरंभीच्या भाषणात जेफरसन यांनी अभिमानाने विचारले, की संघराज्याचा करवसुलीदार आज कोणत्या शेतकऱ्याला, कारागिराला किंवा मजुराला कधी दिसतो का. एवढे करूनही राष्ट्रीय कर्ज सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलरवरून आठ वर्षांत सुमारे ५ कोटी ७० लाखांवर आले.

हे सगळे प्रशंसनीय आहे. परंतु पैसा कुठून येत होता, हे डावा रकाना सांगत नाही. तो येत होता बंदरांवरच्या जकातीतून. बाहेरून येणाऱ्या साखरेवर, कॉफीवर, चहावर, कापडावर जे शुल्क बसे, त्यावर सरकार चालत होते. युरोपात इंग्लंड आणि फ्रान्स एकमेकांशी लढत असल्यामुळे तटस्थ अमेरिकन जहाजांना मालवाहतुकीचे सुगीचे दिवस आले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमसारख्या छोट्या बंदरातली गलबते सुमात्रापर्यंत मिऱ्यांसाठी आणि कलकत्त्यापर्यंत कापडासाठी येत. शेतकऱ्याच्या दारी करवसुलीदार दिसत नव्हता, याचे कारण तो बंदरात उभा होता. अंतर्गत धोरणाची अशी सगळी इमारत समुद्रावर आणि पर्यायाने परक्यांच्या युद्धावर उभी होती. समुद्र बंद झाला तर ती कशावर उभी राहणार, हा प्रश्न १८०२ मध्ये कोणाला पडला नाही. पाच वर्षांनी तो पडला.

लुइझियानाच्या खरेदीचेही तेच. लेखात ती उजव्या रकान्यात आहे, आणि फ्रान्सकडून १ कोटी ५० लाख डॉलरला सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल प्रदेश घेतला, हे आकडे बरोबर आहेत. आपल्या गोव्याच्या मापाने सांगायचे तर पावणेसहाशे गोवे मावतील एवढी जमीन एका करारनाम्यात आली. पण या व्यवहाराची सुरुवात घरातून झाली होती. ओहायो, केंटकी, टेनेसी इथले शेतकरी आपला माल मिसिसिपी नदीतून खाली न्यू ऑर्लिअन्सला आणत आणि तिथे उतरवून ठेवून मोठ्या जहाजांत भरत. तो प्रदेश स्पेनने फ्रान्सला देऊ केला होता, पण अंमल अजून स्पेनचाच होता; ऑक्टोबर १८०२ मध्ये तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने माल उतरवण्याचा हा हक्क काढून घेतला. सत्तरी-डिचोलीकडचे खनिज बार्जमधून मांडवीने खाली येताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना नदीच्या मुखाशी दुसऱ्याचा अंमल असणे म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जेफरसन यांनी मागितले होते ते फक्त न्यू ऑर्लिअन्स आणि आसपासचा भाग. एप्रिल १८०३ मध्ये फ्रान्सने सगळेच देऊ केले. सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीच्या, म्हणजे आजच्या हैतीच्या, गुलामांनी केलेल्या उठावात आणि पिवळ्या तापात नेपोलियनची फौज गारद झाली होती आणि इंग्लंडशी पुन्हा युद्ध जुंपणार होते, त्यामुळे अमेरिकेतल्या जमिनीपेक्षा त्याला रोख पैशाची गरज होती.

इथे जेफरसन यांच्या मनाची जी ओढाताण झाली, ती मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत माणुसकीची जागा वाटते. संविधानात जे स्पष्ट लिहिलेले नाही ते केंद्र सरकारने करू नये, असे ते आयुष्यभर सांगत आले होते. आणि परकी भूमी विकत घेऊन संघराज्यात सामील करण्याचा अधिकार संविधानात कुठेही लिहिलेला नव्हता. त्यांनी घटनादुरुस्तीचा मसुदा स्वतः तयार केला. परंतु नेपोलियनचे मन पालटेल अशी भीती होती आणि सहकाऱ्यांनी घाई केली, तेव्हा त्यांनी तो मसुदा बाजूला ठेवला आणि ऑक्टोबर १८०३ मध्ये सिनेटने करार २४ विरुद्ध ७ मतांनी मंजूर केला. घरात ज्या तत्त्वाला ते सर्वांत जपत होते, त्याला मुरड पडली ती परराष्ट्र व्यवहारात. आता ही नोंद कोणत्या रकान्यात करायची?

त्या विकत घेतलेल्या भूमीवर आधीपासून माणसे राहत होती, हे लेखात आलेच नाही. मूळ रहिवाशांच्या जमातींशी अमेरिकन सरकार तह करीत असे, म्हणजे कागदोपत्री ती परराष्ट्रे होती, आणि तरीही त्यांची गावे अमेरिका आपल्याच हद्दीत धरत होती. २७ फेब्रुवारी १८०३ रोजी जेफरसन यांनी इंडियाना प्रदेशाचे गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन यांना एक खासगी पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की सरकारी व्यापारी कोठ्यांमधून या लोकांना माल द्यावा, त्यांच्यातली वजनदार माणसे कर्जात बुडाली तर ते आपल्याला हवेच आहे, कारण कर्ज फेडण्याच्या पलीकडे गेले की ते जमीन देऊन मोकळे होण्यास तयार होतात. आणि सरकारी कोठीला नफा कमवायचा नसल्यामुळे ती खासगी व्यापाऱ्यांपेक्षा स्वस्त विकू शकेल. मी दुकानदाराचा मुलगा आहे. उधारीची वही लहानपणापासून पाहत आलो आहे. गिऱ्हाइकाचे पान भरत चालले की दुकानदाराच्या पोटात गोळा येतो, कारण ते पैसे बुडाले तर त्याचेही घर बसते. वही भरावी म्हणूनच माल द्यायचा, ही कल्पना मी त्या पत्रात वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असे १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणारा हात तोच होता.

गुलामगिरीविषयीही थोडे लिहिले पाहिजे. २ मार्च १८०७ रोजी जेफरसन यांनी परदेशातून गुलाम आणण्यास बंदी करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि तो १ जानेवारी १८०८ पासून, म्हणजे संविधानाने परवानगी दिलेल्या पहिल्याच दिवसापासून, अमलात आला. हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. पण देशातल्या देशात माणसांची खरेदी-विक्री चालूच राहिली आणि ज्यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली, त्या जेफरसन यांनी तिला हात लावला नाही. १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र झालेल्या हैतीला त्यांनी मान्यता दिली नाही, १८०६ मध्ये त्या देशाशी व्यापारही बंद केला गेला, आणि अमेरिकेची मान्यता मिळायला हैतीला १८६२ उजाडले. आपल्या मळ्यांतल्या गुलामांनी हैतीकडे पाहून काय मनात आणावे, ही दक्षिणेकडच्या मळेवाल्यांची धास्ती त्या परराष्ट्र धोरणामागे होती.

त्रिपोलीच्या युद्धाबद्दल लेखकाने पुरेसे लिहिले आहे. त्यात भर घालण्याजोगे माझ्याकडे नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, जहाजबंदीकडे येतो. २२ जून १८०७ रोजी व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ इंग्लंडच्या ‘लेपर्ड’ या युद्धनौकेने अमेरिकेच्या ‘चेसापीक’ या युद्धनौकेवर तोफा डागल्या, तीन खलाशी ठार आणि अठरा जखमी झाले, आणि इंग्रजांनी आपल्या आरमारातून पळालेले म्हणून चौघांना ओढून नेले. देश पेटला होता. जेफरसन यांनी युद्ध पुकारले असते तर लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले असते. पण त्यांनीच काटकसरीपायी लष्कर व आरमार आक्रसून टाकले होते, किनाऱ्याच्या रक्षणासाठी लहान तोफबोटींवर भिस्त ठेवली होती, आणि त्यांच्या मनात युद्धाविषयी खरी घृणाही होती. म्हणून त्यांनी तिसरा मार्ग धरला : आपला गहू, कापूस, तंबाखू, लाकूड युरोपला मिळाले नाही तर दोन्ही लढणाऱ्या सत्ता वठणीवर येतील. रक्त न सांडता सक्ती करता येईल, हा त्यांचा विश्वास प्रामाणिक होता, आणि माझ्या मते तो आदरास पात्र आहे. घाई मात्र अक्षम्य झाली. १८ डिसेंबरला काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, संदेश गेला, सिनेटने त्याच दिवशी विधेयक मंजूर केले आणि चौथ्या दिवशी कायदा झाला. सरकारी मनाई हिशेबात धरलेल्यापेक्षा नेहमी जास्त नुकसान करते, असा इशारा गॅलाटिन यांनी त्याच दिवसांत जेफरसन यांना लेखी दिला होता, आणि कायमच्या जहाजबंदीपेक्षा आपण युद्ध पत्करू असेही कळवले होते.

पुढे काय झाले ते आकड्यांतही दिसते. १८०७ मध्ये अमेरिकेची निर्यात सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरची होती. १८०८ मध्ये ती सुमारे २ कोटी २० लाखांवर आली. गव्हाला भाव उरला नाही, तंबाखू वखारीत पडून राहिला, खलाशी आणि जहाज बांधणारे सुतार रिकामे झाले. पण मला आकड्यांहून बोलकी वाटते ती कायद्याला जोडलेल्या पुरवण्यांची मालिका. पहिल्या कायद्यातून पळवाट निघाली ती किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या गलबतांची. एका अमेरिकन बंदरातून दुसऱ्याकडे जायचे म्हणून निघायचे आणि वादळाचे निमित्त करून कॅनडाला किंवा वेस्ट इंडीजला लागायचे. म्हणून जानेवारी १८०८ मध्ये अशा गलबतांकडून जहाज आणि माल यांच्या दुप्पट किमतीचा जामीन घेण्याचे ठरले. मग माल जमिनीवरून आणि सरोवरातून कॅनडात जाऊ लागला, म्हणून मार्चमध्ये तोही मार्ग बंद केला. शॅम्प्लेन सरोवरावर लाकडाचे प्रचंड तराफे बांधून लोक रातोरात सरहद्द ओलांडत, तेव्हा १९ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांनी त्या भागात बंडाळी माजल्याचे जाहीर केले. नुसत्या संशयावरून जहाज अडवण्याचा अधिकार जकात अधिकाऱ्यांना मिळाला. जुलैमध्ये गॅलाटिन यांनी पुन्हा कळवले, की एक तर काँग्रेसने सरकारला अत्यंत मनमानी अधिकार द्यावेत, नाही तर हा प्रयोगच सोडून द्यावा. ९ जानेवारी १८०९ च्या कायद्याने ते अधिकार दिले : जामीन सहापट झाला, माल जहाजावर चढवायलाच परवानगी लागू लागली आणि अंमलबजावणीसाठी फौज वापरण्याची मुभा मिळाली. ज्या राष्ट्राध्यक्षांनी शेतकऱ्याच्या दारातून करवसुलीदार हटवला, त्यांच्याच हाताने होडी-होडीवर झडती घेणारा अधिकारी उभा राहिला. परराष्ट्र धोरण म्हणून लिहिलेला कायदा वर्षभरात देशातला सर्वांत जाचक अंतर्गत कायदा झाला होता. त्या काळच्या एका व्यंगचित्रात ही बंदी कासव होऊन व्यापाऱ्याला मागून चावा घेते आहे, आणि कासवाचे नाव जहाजबंदीसाठीचा ‘एम्बार्गो’ हा इंग्रजी शब्द उलट्या अक्षरांनी लिहून केलेले आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या, न्यू इंग्लंड म्हणवणाऱ्या राज्यांतल्या गावसभांनी इतके अर्ज-निषेध केले, की सरकारचा पाया आपल्या पायाखाली हादरल्यासारखा वाटला, अशी कबुली जेफरसन यांनी पुढे पत्रातून दिली.

आणि ज्यांना नमवायचे होते ते नमले का? नेपोलियनने एप्रिल १८०८ मध्ये फ्रान्समधल्या बायोनहून फर्मान काढून आपल्या बंदरांतली अमेरिकन जहाजे जप्त केली, आणि अमेरिकेच्याच बंदीला आपण हातभार लावत आहोत असे कारण दिले. इंग्लंडचे काय झाले, हे सांगताना एका पोर्तुगीज प्रसंगाकडे वळावे लागते, जो आपल्याला गोव्यात तरी परका नसावा. नोव्हेंबर १८०७ च्या अखेरीस फ्रेंच सैन्य लिस्बनच्या वेशीवर आले, तेव्हा पोर्तुगालचे राजघराणे इंग्रजांच्या संरक्षणात जहाजांतून ब्राझीलला निघाले, आणि २८ जानेवारी १८०८ रोजी राजपुत्र जुआंव यांनी ब्राझीलमधल्या बायया इथून त्या देशाची बंदरे मित्रराष्ट्रांच्या व्यापाराला खुली केली. अमेरिकेने आपली बंदरे मिटल्याला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. इंग्लंडच्या कापडाला दक्षिण अमेरिकेची नवी बाजारपेठ मिळाली आणि जेफरसन यांचे हत्यार बोथट झाले. ही युद्धाची लाट आपल्यापर्यंतही पोहोचली होती. फ्रेंचांच्या धास्तीने इंग्रज पलटणी याच वर्षांत गोव्यात तळ देऊन होत्या, आणि दोनापावलाजवळची इंग्रजांची लहानशी दफनभूमी त्याची खूण म्हणून अजून उभी आहे. मी विद्यार्थ्यांना तिथे नेत असे. भिंतीला टेकून त्यांना सांगत असे, की ज्या लढाईमुळे सेलमची मिऱ्यांची गलबते धक्क्याला बांधली गेली, त्याच लढाईमुळे हे शिपाई इथे येऊन पुरले गेले.

या विषयात माझे मन इतके का गुंतते, त्याचे कारण पुस्तकी नाही. माझे बालपण पेडण्यात गेले. १९५५ मध्ये, मी सात वर्षांचा असताना, गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटावा म्हणून भारत सरकारने केलेली आर्थिक नाकेबंदी पुरती आवळली गेली. रेल्वे थांबली, मुंबईहून येणारे पैसे अडले, येणे-जाणे बंद झाले. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत हे मी जाणतो : गोवा परक्यांच्या गुलामीत होता, मुक्तीची मागणी न्याय्य होती, आणि आमचे घर मुक्तीच्याच बाजूचे होते. तरीही बंदी खालपर्यंत कशी झिरपते, ते मी आमच्या दुकानाच्या फळीवर बसून पाहिले आहे. घाटावरचा गूळ आणि बेळगावकडची भाजी येईनाशी झाली. पोर्तुगीज सरकारने मग जगभरातून माल आणवला. तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनमधून, सिमेंट जपानमधून. बटाटे तर थेट हॉलंडचे आले. ते पोते वडिलांनी पहिल्यांदा सोडले तो दिवस मला आठवतो : एकाच मापाचे, गुळगुळीत सालीचे बटाटे, पोत्यावर कोणालाही न वाचता येणारी अक्षरे, आणि सालींना चिकटलेली करड्या रंगाची माती, जी आमच्या लाल मातीसारखी मुळीच नव्हती. मुरगावहून लोहखनिज जपानला जात होते, खाणमालकांकडे पैसा येत होता, आणि म्हापशाच्या बाजारात परदेशी वस्तूंची चलती होती. पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, ताटात काही कमी पडल्याचे आम्हांला दिसले नाही.

कमी पडले ते ज्यांची मुले मुंबईत नोकरीला होती त्यांना. महिन्याच्या महिन्याला येणारे पैसे बंद झाल्यावर ती माणसे आमच्या दुकानात येऊन खालच्या आवाजात तांदूळ मागत आणि वडील वहीत लिहून घेत. वडिलांनी कोणाला नाही म्हटल्याचे मला आठवत नाही, पण संध्याकाळी दिव्याखाली वही उघडून ते बराच वेळ एकाच पानावर थांबत, हे आठवते. माझी मावशी तेरेखोल नदीच्या पलीकडे आरोंद्याला दिली होती. किरणपाणीच्या काठावर उभे राहिले की पलीकडची माणसे दिसत. तिच्या मुलीच्या लग्नाला आई जाऊ शकली नाही. रात्री तर, म्हणजे नदी ओलांडणारी होडी, निघे आणि सुपारी, कपडा, बॅटऱ्या इकडून तिकडे जात. नाकेबंदी मोडणाऱ्यांमध्ये चोर किती आणि पोटासाठी धडपडणारे किती, हे ओळखणे त्या काळोखात कठीण होते. पुढे शॅम्प्लेन सरोवरावरच्या तराफ्यांबद्दल वाचताना मला ती तर डोळ्यांसमोर आली. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य यावे लागले, जसे अमेरिकेलाही जून १८१२ मध्ये इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारावेच लागले. शांततेने सक्ती करू पाहणाऱ्या जेफरसन आणि नेहरू या दोन विद्वान आणि सुसंस्कृत नेत्यांच्या वाट्याला हे आले, याचे मला आजही वाईट वाटते.

जेफरसन यांच्यावर केवळ दोषारोप करण्यासाठी हे लिहीत नाही. जहाजबंदीमुळे रिकामा झालेला पैसा आणि हात न्यू इंग्लंडमध्ये सूतगिरण्यांकडे वळले, आणि शेतकऱ्यांचे राष्ट्र घडवू पाहणाऱ्या जेफरसन यांच्या कायद्याने कारखानदारीला बळ मिळाले. हा परिणामही त्यांच्या नावावर मांडला पाहिजे. धर्म आणि राज्यसत्ता यांच्यामध्ये भिंत असावी, हे १ जानेवारी १८०२ च्या पत्रात त्यांनी ज्या शब्दांत सांगितले, त्याचे मोल कमी होत नाही. आपल्या थडग्यावर कोरण्यासाठी त्यांनी तीनच गोष्टी लिहून ठेवल्या : स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठाची स्थापना. राष्ट्राध्यक्षपदाचा तिथे उल्लेख नाही. त्यामागे त्यांचा काय विचार होता याबद्दल अनेकांनी तर्क केले आहेत, त्यात मी पडत नाही. पण ४ मार्च १८०९ रोजी पद सोडण्यापूर्वी जेमतेम तीन दिवस त्यांना स्वतःचा सर्वांत मोठा कायदा रद्द करण्याच्या कागदावर सही करावी लागली होती, एवढे वाचकांना ठाऊक असावे.

आपणांस विनंती एवढीच, की लेखातील त्या ओळीची दुरुस्ती पुढील रविवारी छापावी आणि त्यात १८०७ व १८०९ या दोन्ही कायद्यांचा स्वतंत्र उल्लेख असावा. मालिकेचा पुढचा भाग चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्यावर असणार, असे आपण जाहीर केले आहे. जेफरसन यांचे परराष्ट्रमंत्री म्हणून जहाजबंदीच्या धोरणात त्यांचा मोठा वाटा होता, तेव्हा तो भाग बंदी उठण्याच्या दिवसापासून, धक्क्यावर परत आलेल्या खलाशांपासून सुरू झाला आणि रकाने न आखता सलग लिहिला गेला, तर माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाला फार समाधान वाटेल.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
पेडणे, गोवा.